जोडव्यात अडकलेला मोजा

मैत्रिणींनो, पुस्तकात बघून विणलेला माझा पहिला मोजा आज दुपारी पुरा झाला. आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. थंडीत त्यांचे पाय गार पडतात. आमची पावलं सारखी, म्हणून माप माझ्याच पायाचं घेतलं होतं.

घालायला गेले तर त्यांच्या जोडव्यांत लोकर गुंतली. माझे मालक तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून माझी बोटं मोकळी. माप घेताना जोडवी ध्यानातच आली नाहीत.

आत्याबाई वाकून जोडवी ओढायला लागल्या. "काढूनच टाकते गं. पोरगा गेला अन् मी तुझ्यापुढं जोडवी मिरवून राह्यले."

"गप बसा. मामंजी तिकडं चहासाठी ओरडून राह्यलेत, अन् तुम्ही जोडवी काढता?"

त्या हसल्या, मग रडल्या. तीन वर्षं माझ्यासमोर त्या पाय लुगड्यात झाकून का बसतात, ते मला आज कळलं. मी म्हातारपणाची थंडी समजत होते.

मोजा बोटांपर्यंत उसवलाय. जोडव्यांना जागा ठेवायची तर किती टाके वाढवू? कुणी विणलेत का असे?