मॉनिटरची कुंची

आमच्या क्लासातले जुने लोक कुठं लग्नात भेटले की जेवण राहतं बाजूला. आमच्यातला कुणीतरी हॉलमधल्या टीव्हीच्या डोक्यावर उलटा हात ठेवतो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "ताप हाय." झालं! सगळे हसून लोळायचे बाकी राहतात आणि बाकीचं वऱ्हाड आमच्याकडं बघत बसतं. किश्शांचं कांद्याच्या पोत्यासारखं असतं. एक काढायला जावं तर चार घरंगळतात.

तर गंगाखेडच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत भालेराव सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं, आणि आमच्या गावात कॉम्प्युटर बघायलासुद्धा लोक चपला काढून येत. चालता टायपिंगचा क्लास मोडून सरांनी हा सुरू केला होता. मशीन एकच. त्याचा मॉनिटर हैदराबादेहून जुना आणलेला, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं.

उन्हाळ्यात नांदेडहून परीक्षक येणार, आमच्याच मशीनवर परीक्षा घेणार, आणि सगळं ठीक वाटलं तरच क्लासला मान्यता मिळणार होती. नाहीतर सरांचं टायपिंगही गेलं आणि कॉम्प्युटरही गेला. आणि मॉनिटर तर तापायचा. अर्ध्या-पाऊण तासात चित्र चारी बाजूंनी आखडायला लागायचं, अक्षरं कमरेत वाकायची आणि मग काच काळी ठिक्कर.

*

सरांचा पहिला इलाज चापटीचा. मॉनिटर विझला की ते त्याच्या कुशीवर एक ठेवून द्यायचे. कधीकधी तो लागायचाही, त्यामुळं सरांचा या इलाजावर विश्वास बसला होता.

एकदा काकू चहा घेऊन वर आल्या आणि त्यांनी ही चापट बघितली. सुमन काकू म्हणजे सरांच्या मंडळी. दोघं खाली दुकानामागच्या घरात राहायचे. काकूंनी ट्रे तसाच खाली ठेवला.

"मारून कुटं शानं झालंय का कुणी?"

सर वरमले. दुसऱ्या दिवसापासून ते मॉनिटरला थोपटायला लागले. आणि थोपटल्यावरही तो चापटीइतक्याच वेळा लागायचा.

"बगा," काकू म्हणाल्या.

*

सरांनी सगळ्यांना बजावलं होतं की कॉम्प्युटरला धूळ बाधते. आम्ही ते वहीत लिहून घेतलं. काकूंनी मनावर घेतलं. आठवड्याभरात त्या एक शिवलेली वस्तू घेऊन वर आल्या आणि मॉनिटरच्या डोक्यावरून पाठीमागं सोडून पुढं हनुवटीखाली तिची नाडी बांधली.

कुंची होती ती! तान्ह्या लेकराला घालतात तशी, हिरव्या खणाची, आत मऊ अस्तर, कडेला गोट. मॉनिटरचं तोंड तेवढं उघडं. बाकी सगळं अंग झाकलेलं.

"पेटीत पडूनच होता हा खण," काकू मला म्हणाल्या. "म्हणलं, कुनाच्या तरी अंगाला लागू दे."

सर-काकूंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता, हे साऱ्या बाजाराला माहीत होतं. मला एकदम भरून आलं. पण माझ्या शेजारी माधव बसला होता, पालमहून रोज एस्टीनं येणारा, आणि त्याला कुठल्याच गोष्टीचं गांभीर्य नव्हतं. तो म्हणाला, "काकू, काजळाची तीट बी लावा की."

काकूंनी लावली.

*

तेव्हापासून मॉनिटर आजारी मूल झाला. सर उलटा हात त्याच्या कपाळाला लावून बघायचे. काकू खाली अंगणात धुणं धुता धुता वर ओरडून विचारायच्या, "उतरला का हो ताप?" सर खिडकीतून सांगायचे, "कपाळ अजून गरमच हाय."

पलीकडच्या घरातल्या चंद्रा मावशी हे दोन दिवस ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन त्या थेट जिना चढून आल्या. लेकरू कुठं आहे म्हणून त्यांनी चौफेर बघितलं. शेवटी त्यांची नजर कुंचीवर गेली, तिटेवर गेली, हिरव्या अक्षरांवर गेली.

"आता आलेच हाय तर उतरवून टाकते," मावशी म्हणाल्या.

त्यांनी मूठ ओवाळायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. मॉनिटर विझला, पंखा थांबला, खाली दुकानातला रेडिओही गप्प झाला. मावशी दचकल्या नाहीत की काही नाही. मिरच्या चुलीत टाकायला जाता जाता म्हणाल्या, "लय जबर लागली होती. समद्या बाजाराची गेली."

*

सरांचा पुढचा इलाज टेबलफॅन. खोलीत पंखा एकच आणि तो मॉनिटरच्या पाठीला लावलेला. आम्ही पत्र्याखाली वडीसारखे वाळत होतो. त्यात नवीनच भानगड निघाली. पंखा जवळ आला की अक्षरं थरथरायची. पंखा बंद केला तर अक्षरं आखडायची, चालू केला तर नाचायची. सरांनी विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. चष्मा असणाऱ्यांना आखडलेली, बाकीच्यांना नाचरी.

अशात माधवचे वडील पालमहून पोराचा क्लास बघायला आले. कोरडवाहू शेती, डोक्याला पटका, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ सगळं निरखलं.

"पंखा त्येला, आन् तुमाला न्हाई?"

सर ओशाळून म्हणाले, "त्याला गर्मी सहन होत नाही. तो बसला की सगळंच बसलं."

"बराबर हाय," ते म्हणाले. "आमच्यात बी बैल सावलीला अन् आमी उन्हात."

आणि ते आम्हा सगळ्यांबरोबर उन्हाच्या बाजूला बसले.

*

नाचऱ्या अक्षरांना कंटाळून सरांनी पंखा बंद करून हातपंख्याची पाळी लावली. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं मॉनिटरला वारा घालायचा. माझ्या वेळेला पाळी नेमकी माधवची यायची. कशी ते मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी मी टाइप करतेय आणि मला अगदी गार वाटतंय. मॉनिटर मात्र विझला. सर उठून आले, माधवच्या हातातला पंखा त्यांनी धरला आणि मॉनिटरकडं वळवून दिला.

"वारा ह्याला घालायचा, माधवराव. ती विझत न्हाई."

आमच्या लग्नात सरांनी टेबलफॅन आहेर केला. बैल सावलीला ठेवणारे ते गृहस्थ माझे सासरे झाले.

*

ओल्या वाळूचा प्रयोग थोडक्यात सांगते, कारण तो थोडक्यातच आटोपला. माठ वाळूवर गार राहतो, तर मॉनिटर का नाही, असं सरांच्या मनात आलं. गोदावरीची वाळू घमेल्यात आली, तिच्यावर पाणी शिंपडलं, वर फळी, फळीवर मॉनिटर. माधवनं बटण दाबायला हात लावला आणि तो हात झटकत मागं भिंतीपर्यंत गेला.

"सर, मुंग्या आल्या!"

"म्हणजे करंट नीट येतोय," सर म्हणाले. वाळू मात्र त्याच संध्याकाळी माठाखाली गेली.

*

इतका वारा घालूनही ताप का उतरेना, ते कळलं काकूंमुळं. म्हणजे काकू नव्हत्या त्यामुळं. त्या चार दिवस माहेरी गेल्या आणि जाताना कुंची धुवायला घेऊन गेल्या. हातपंखा तोच, पण त्या चार दिवसांत मॉनिटर एकदाही आखडला नाही. भर दुपारी, पत्रा तडतडत असताना, अक्षरं कशी ताठ उभी!

सर खूश झाले. मॉनिटरभोवती फिरले, वाकून बघितलं. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर गरम हवा बाहेर जायला बारीक फटी होत्या. कुंचीनं नेमक्या त्याच झाकल्या जायच्या, आणि आमचा वारा आत पोचायचाच नाही. "सापडलं!" म्हणून सरांनी टाळी वाजवली. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

काकू परत आल्या. कुंची धुतलेली, इस्त्री केलेली, तिला नवे गोंडेही लावलेले. त्या नाडी बांधत असताना माधव म्हणाला, "काकू, खरं सांगू का, हिच्यामुळंच तर..."

"माधव," सर म्हणाले, "स्टँडवर जाऊन पालमची गाडी किती वाजता हाय ते बघून ये."

माधव त्या गाडीनं रोज जायचा. तरी तो गेला.

*

मग पहारा सुरू झाला. कुंची काढून ठेवायची आणि जिन्याचा आवाज आला की चढवायची. काकूंचा पाय जिन्यावर वाजला की दाराजवळचा खोकायचा, दोघं उठायचे, एक कुंची घालायचा, एक नाडी बांधायचा. काकू येईपर्यंत सगळे अभ्यासात गढलेले. आमचं टायपिंग सुधारलं नाही, पण कुंची आम्ही डोळे मिटून बांधू शकत होतो.

"लय खोकला झालाय तुमाला," काकू म्हणाल्या आणि सगळ्यांना रोज काढा चालू केला. म्हणजे काकू अजून एकदा वर यायला लागल्या.

*

परीक्षेचा दिवस. मे महिना. परीक्षक चांगले जाडजूड, हातात पंचाएवढा रुमाल. आमचा बेत पक्का होता, काकू चहा देऊन खाली गेल्या की कुंची काढायची. पण काकू नवं लुगडं नेसून सकाळीच वर आल्या, मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"आज मी हितंच. त्याची बी परीक्षाच हाय."

माझं झालं तोवर ठीक होतं. माधव बसला आणि चित्र आखडायला लागलं. मी जीव खाऊन वारा घातला. अक्षरं वाकली. चित्र पोस्टकार्डाएवढं झालं. सरांचा हात कुंचीकडं गेला आणि परत येऊन स्वतःची कॉलर नीट करायला लागला. मला तेव्हा सरांचा राग आला. क्लास बुडत होता, आमचं वर्ष बुडत होतं, आणि ह्या माणसाला एक नाडी सोडवत नव्हती.

"भालेराव, हे काय चाललंय?" परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

काकूंनी मॉनिटरकडं बघितलं. मग सरांकडं बघितलं, बराच वेळ. मग उठल्या आणि उलटा हात मॉनिटरच्या कपाळाला लावला.

"उकडायलंय की त्याला," त्या म्हणाल्या. "घामाघूम झालंय लेकरू."

त्यांनी नाडी सोडली, कुंची काढली, घडी करून मांडीवर घेतली आणि पदरानं मॉनिटरला वारा घालत बसल्या. हळूहळू चित्र पसरायला लागलं. अक्षरं एकेक करून सरळ झाली. माधवनं पेपर पुरा केला, त्याच्यामागं बाकीच्यांनीही.

जाताना परीक्षकांनी मान्यतेच्या कागदावर सही केली. रुमालानं मान पुसली, काकूंच्या मांडीवरची घडी बघितली आणि सरांना विचारलं, "एवढं जाड कापड? या उन्हाळ्यात? आधीच का नाही काढलं हो?"

वर पत्रा तडतडत होता. सरांच्या नाकावरून घाम टपकत होता. त्यांनी काकूंकडं एकदा बघितलं.

"थंडी होती," सर म्हणाले.