बटणावरचा हात

लोक मला काय काय म्हणतात! टॅपिंगवाली बाई, थापट्या मारणारी ताई. एकानं तर तोंडावर विचारलं, "मॅडम, अंगात येतं का तुमच्या?" काही येत नाही अंगात. चिखलीत आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये माणसाला समोर बसवायचं, दोन बोटांनी हाताच्या कडेवर, भुवईपाशी, गळ्याच्या हाडाखाली हलके ठोके द्यायचे आणि त्याला त्याची भीती मोठ्यानं बोलायला लावायची. बस्स. बोट कुठं थांबवायचं हे मात्र कोणी शिकवत नाही. ते बोटालाच कळतं, कळलं तर.

त्या दिवशी समोर बसलेला माणूस चाकणला एका वर्कशॉपमध्ये प्रेस चालवायचा. पत्र्याला आकार देणारी मोठी मशीन. तिच्यात बरोबर काम करणाऱ्या जोडीदाराची बोटं गेली आणि तेव्हापासून याचा उजवा पंजा बधिर. डॉक्टर म्हणे, नसा ठीक आहेत. सोमवारी मशीनवर उभा राहा, नाहीतर घरी बस, असं साहेबानं बजावलेलं. बायकोनंच ओढत आणलं होतं.

"कापला तरी कळायचं नाही, ताई. करा काय करायचं ते," म्हणाला. भाजीचा भाव सांगावा तसा.

मी ठोके देत राहिले. "मला मशीनची भीती वाटते" असं म्हणायला लावलं. म्हणाला. श्वाससुद्धा बदलला नाही. खरं सांगते, मला कंटाळा आला होता. मग तो "माझा जोडीदार" म्हणाला आणि गळ्याच्या हाडाखाली माझं बोट अडलं. तिथं तो एकदम ताठला होता. मी ठोके थांबवले, बोट तसंच ठेवलं. का कोण जाणे, विचारलं, "बटण कोणी दाबलं?"

"अहो ताई, मशीन आपोआप आली ना खाली," बायको म्हणाली.

"गप गं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपोआप नाही आली. दोघांनी आपापलं बटण दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. माल पटापट निघावा म्हणून आम्हीच जोडीदाराचं बटण दाबलेलंच राहील असं बांधून ठेवलेलं. मला वाटलं, त्यानं हात काढला. मी दाबलं."



टॅपिंगमध्ये यानंतर एक वाक्य म्हणवून घेतात, 'तरीही मी स्वतःला स्वीकारतो.' जिभेवर आलं होतं, गिळलं. कुठल्या तोंडानं म्हणणार होता तो बिचारा? त्याचा पंजा दोन्ही हातांत धरून बसले. जरा वेळानं त्यानं तो झटकन ओढून घेतला.

"दुखतंय," म्हणाला.

सोमवारी तो कामावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. "नोकरी गेली, ताई. काल आकुर्डीला जोडीदाराच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकलं."

"मग?"

"म्हणाला, भावा, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझा हात बटणावर मी बघितला होता. तुझी पोरगी शिकतेय, म्हणून कुणाला बोललो नाही."

मी फोन कानाला धरून उभी राहिले, तो रडत होता तोवर.