माप न घेता बेतलेला कोट

नवरा गेल्यावर त्याचं शिवणकामाचं दुकान तिनेच चालवलं. तो मास्तर, म्हणून ती मास्तरीण. कापड ती बेतायची; काजं-बटणं आणि इस्त्री नणंदेकडे. नऊ वर्षांत कुणाची तक्रार आली नव्हती.

एका सकाळी नणंद बँकेत गेलेली असताना एक गृहस्थ कोटाचं कापड घेऊन आले. बोलण्याआधी त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत चढवला. मास्तरणीच्या काळजात लक्कन हललं. नवरा अगदी असाच करायचा!

"निवृत्तीचा समारंभ आहे. माप घेताय ना?"

"नको, नजरेत बसलंय," ती बोलून गेली.

आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. मधे एकदा ते चौकशीला आले, तर तिने नणंदेला दोऱ्याची रिळं आणायला पिटाळलं. बहिणीलाही भावाची झलक दिसावी, एवढंसुद्धा तिच्या मनात आलं नाही.

कोट घालून बघायला ते बायकोला घेऊन आले. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, छातीचं बटण काही केल्या लागेना.

"बाई, हा कोट नक्की माझाच ना?"

त्यांची बायको फसकन हसली. नणंदेने टेप घेऊन कोटाची बाही मोजली, छाती मोजली आणि थबकली.

"वहिनी, हे तर दादाचं माप!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरणीला झालं. "चूक माझी आहे. माझ्या कापडाचा नवा शिवून देते," ती खाली मान घालून म्हणाली. माप नणंदेनेच घेतलं.

ती दोघं गेल्यावर नणंदेने विचारलं, "त्यांच्यात तुला दादा दिसला?"

"तुलाही दिसला ना? तोच चेहरा."

"काहीतरीच काय! दादाचं नाक केवढं, कपाळ केवढं! त्यांच्यात दादाचं नखसुद्धा नाही."

मास्तरणीने डोळे मिटले. नवऱ्याला समोर आणायला गेली, तर चष्मा पुसत ते गृहस्थच आले.

"वन्सं, मला ह्यांचा चेहराच आठवत नाहीये."

नणंद म्हणाली, "तुझ्या मागच्या भिंतीवर फोटो आहे. वळून बघ."

तिला वळवेना. तिने नवं कापड पुढ्यात ओढलं, कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. शेवटी तो कोट नणंदेनेच बेतला.