हळद-चुन्याची रेघ: अडावदच्या वरच्या रानात तीन दिवस

गेल्या वर्षी आमच्या धावण्याच्या ग्रुपमधले एक निवृत्त सर सातपुड्यात वाट चुकले. फाट्यावर डावीकडे वळायचं ते उजवीकडे गेले आणि पाच तासांनी एका कोरड्या नाल्यात सापडले. ओठ फुटलेले, बोलणं भरकटलेलं. रूट मी आखला होता आणि खुणाही मीच केल्या होत्या. खुणा म्हणजे झाडांना बांधलेल्या कागदी पट्ट्या, त्या बकऱ्यांनी खाल्ल्या. सर बरे झाले, पण त्यांनी बूट पुन्हा घातले नाहीत. म्हणून यंदा बारा जणांना परत रानात न्यायचं ठरलं तेव्हा मी सांगून टाकलं, की आठवडाभर आधी जाऊन खुणा मी करणार, आणि एक जण जरी चुकला तरी यापुढे रूट आखणं बंद. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी माझी गत.

सोबतीला शबानाआपा. त्यांचं अमळनेरला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. वय पन्नास, सलवार-कुर्त्यावर बूट घालून धावतात आणि चढावर मला मागे टाकून वर थांबून माझीच चौकशी करतात. शुक्रवारी सकाळी त्या रेल्वेने जळगावला आल्या, मी पिंप्राळ्याहून गाडी काढली आणि विदगावजवळ तापी ओलांडून आम्ही धानोऱ्यामार्गे अडावदला पोचलो. मध्ये चहाला थांबूनही दीड तासाच्या आत. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्ता ठीक, फक्त केळीच्या ट्रॅक्टरांमागे धीर धरावा लागतो. मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे. तिने जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. डिसेंबरात खानदेशात येऊन भरीत न खाता परत जाणाऱ्याला मी माणसात धरत नाही.

आता रूटबद्दल, कारण तुमच्यातले काही जण त्यासाठीच वाचत असतील. डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावायची, वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहायचं आणि साधारण अठरा किलोमीटरची फेरी मारून त्याच जागी यायचं. पहिला भाग अंजनाच्या झाडांतून सोपा चढ. मग सागाचं रान, तिथे वाळलेली पानं घोट्यापर्यंत येतात आणि खालचा दगड दिसत नाही, म्हणून बुटांची पकड चांगली हवी. फाटे चार. पाणी स्वतःचं न्यायचं, दोन लिटर तरी. फोनला रेंज नाही. बिबट्या आहे म्हणतात, मला दिसला नाही आणि मी शोधलाही नाही.

खुणांसाठी मी चुन्याची फक्की नेली होती, मैदानावर आखतात ती. बरोबर वाटेवर बाण, चुकीच्या वाटेवर आडवी रेघ. रेघ दिसली की पलीकडे जायचं नाही, हा आमच्यातला ठरलेला नियम. पण सागाची पानं खालून पांढुरकी असतात, त्यात पांढरा चुना काय दिसणार? म्हणून मी घरातली किलोभर हळद त्यात मिसळली. छान पिवळसर रंग आला. रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळावं म्हणून दोन्ही टोकांना एकेक दगडही ठेवला. शबानाआपा म्हणाल्या की कापडावर खडूने आखतात तशी सरळ आली आहे. मी फुशारले. तिसऱ्या फाट्यावर एक रुळलेली वाट खाली एका पाड्याकडे जाते. धावणारे नेमके तिकडेच उतरतील असं वाटून तिथली रेघ मी सगळ्यात जाड काढली. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत आम्ही परत फिरलो. रेघ काढण्याआधी त्या वाटेने मोळ्या घेतलेल्या चार बायका आणि बकऱ्यांचा एक कळप गेलेला आम्ही पाहिला होता.

शनिवारी सकाळी सातला पूर्ण फेरी धावून पाहायला निघालो. दव पडलं होतं. पहिल्याच फाट्यावर मी थांबले. पिवळी रेघ लाल झाली होती. नुसती लालसर नव्हे, रक्त सांडून वाळावं तशी गडद. दुसऱ्या फाट्यावरही तेच. शबानाआपा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या. मला कारण सुचायला थोडा वेळ लागला, आणि सुचल्यावर स्वतःचीच लाज वाटली. मुरगळलेल्या पायाला हळद-चुना लावतच मी लहानाची मोठी झाले, तो ओला झाला की लाल होतो हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! मी आपांना समजावलं आणि आम्ही हसलो. हसू त्या रानात फार मोठं वाटलं, म्हणून लगेच थांबवलं.

त्या सकाळी रान मुळीच बोलत नव्हतं. वानरं नाहीत, बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा नाहीत, कुऱ्हाडीचा आवाज नाही. आम्ही थांबलो तरी मागे पाचोळा वाजत राहायचा. वळून पाहिलं तर नुसती पानं गळत होती. तिसऱ्या फाट्यावर, लाल रेघेपासून दहा पावलांवर, एक म्हातारा उकिडवा बसला होता. अंगावर घोंगडी, शेजारी विझलेल्या शेकोटीची राख, मांडीवर एक पिशवी. तोंड पाड्याच्या दिशेला. मी राम राम घातला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कमरेच्या फक्कीच्या पिशवीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आम्ही पुढे गेलो. फेरी पूर्ण करून अकराच्या सुमारास गाडीशी आलो तर लक्षात आलं, की माझ्या घड्याळातली रूटची जीपीएस नोंद तिसऱ्या फाट्यापाशीच बंद पडली होती. ती पुन्हा घ्यायला उलट्या दिशेने तिथवर गेलो. म्हातारा तिथेच. त्याच बैठकीत. सावली फक्त सरकली होती. मला खुणा शाबूत असल्याचा आनंद होता, आणि तो मी बोलूनही दाखवला. शबानाआपांनी रेघेवर वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की शाबूत आहे हेच वाईट आहे. कालच्या एवढ्या वर्दळीच्या वाटेवर आज एक पाऊल नाही, एक खूर नाही. बकऱ्यांच्या लेंड्या पाड्याच्या बाजूने रेघेच्या हातभर आधीच संपल्या होत्या. दुपारच्या उन्हात माझ्या पाठीवर काटा आला. मी त्याला घामावरचा वारा म्हटलं.

घरी मावसबहिणीने शेवभाजी केली होती, ती मला गेली नाही. तो माणूस जिवंत आहे की नाही असा वेडा प्रश्न डोक्यात घोळत होता. आपांनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनीही विषय काढला नाही.

रविवारी धुकं होतं. परतायचा दिवस होता, तरी आम्ही दोघी न ठरवता तिकडेच गेलो. तिसऱ्या फाट्यावर धुक्यातून आधी लाल रेघ दिसली, मग दोन आकृत्या. रेघेच्या अलीकडे म्हातारा, पलीकडे एक म्हातारी, दोघं एकमेकांसमोर बसलेली. ती लांब बांबूच्या टोकाला फडक्यात बांधलेली भाकरी जमिनीवरून त्याच्याकडे सरकवत होती. बांबूचं टोक रेघेवर आलं की ते वर उचलायची, पलीकडे गेलं की पुन्हा टेकवायची. मला भीती वाटली, अगदी सरळ पळून जावं अशी. शबानाआपांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही जवळ गेलो.

ती म्हाताऱ्याची बायको होती. त्याला सगळे नाना म्हणत आणि तिला अक्का. आपसात ते पावरी बोलत, आमच्याशी अहिराणी. अक्कांकडून तुकड्या-तुकड्यांनी जे कळलं ते असं. त्यांच्या सुनेला बुधवारी मुलगा झाला. शुक्रवारी नाना तिच्यासाठी डिंक आणि गूळ आणायला अडावदला गेले. संध्याकाळी परत आले तर घराच्या वाटेवर आडवी रेघ, टोकांना दगड, आणि सकाळी ती लाल झालेली. कोणीतरी करणी करून वाट बांधली, असं पाड्याने धरलं. पाड्यातल्या बायका लांबच्या वाटेने सरपणाला जायला लागल्या. नाना मात्र रेघ ओलांडूनही जाईनात आणि वळसा घालूनही. बांधलेलं जे काही असेल ते अंगाला लागून बाळापर्यंत जाईल, ही त्यांची भीती. डिसेंबरच्या थंडीत दोन रात्री ते तिथे बसून होते.

मी घाईघाईने सांगू लागले, की नाना, ही फक्त हळद आणि चुना आहे, धावणाऱ्यांसाठीची खूण आहे, यात काही नाही. नानांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्हना मान्सं ही रेघ वलांडतीन का?"

मी म्हटलं, नाही ओलांडणार.

"मंग मी कसा वलांडू? घरमा चार दिनना पोऱ्या शे."

पुसायची कशी ते मी विचारलं. ते म्हणाले, "जिनी काढी तिनीच पुसाले पाहिजे."

मी गुडघ्यांवर बसले. आधी हाताने पुसली तर दवात भिजलेली रेघ आणखी पसरली. बाटलीतलं पाणी ओतलं तर आणखी लाल. शेवटी नखांनी खरवडून सगळी माती ओंजळीने उचलली आणि सात-आठ खेपा करून जवळच्या ओढ्यात टाकली. शबानाआपा मदतीला आल्या तर अक्कांनी त्यांना थांबवलं. दगड मी दूर नेऊन ठेवले. पाऊण तास गेला असेल. जागा मोकळी झाली तरी नाना उठले नाहीत. अक्का मला म्हणाल्या, "पहिले तू चाल."

मी या गोष्टी मानत नाही. लिंबू-मिरचीवर पाय देऊन जाणारी बाई आहे मी. पण त्या खरवडलेल्या पट्टीसमोर उभी राहिले आणि माझा पाय उचलेना. पुढे घर होतं, घरात चार दिवसांचं मूल होतं, आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग गेले. माझ्यामागून नाना आले, पिशवी छातीशी धरून. अक्कांनी राखेने माझे हात चोळून धुतले. घरी मात्र बोलावलं नाही, आणि ते मला पटलं.

उरलेल्या तिन्ही रेघा मी त्याच दिवशी खरवडल्या, बाणसुद्धा. मग नाक्यावर बसून ठरवलं, की पुढच्या रविवारी प्रत्येक फाट्यावर खुणेऐवजी माणूस उभा राहील. तुम्ही असा रूट आखणार असाल तर तेच करा, आणि आधी पाड्यावर जाऊन विचारा की कुठली वाट कोणाची आहे. माझ्यासारखं शहाणपण नको.

मधला आठवडा वाईट गेला. हातांचा लाल रंग दोन दिवसांत उतरला. ऑफिसात मेंदी का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. पण पहाटे जाग यायची ती एकाच विचाराने, की त्या बाळाला काही झालं तर? थंडीचे दिवस, आठवड्याचं मूल, साधा सर्दी-ताप कोणालाही होतो. पाडा ती माझी रेघ म्हणेल. आणि मीही म्हणेन, हे मला कळून चुकलं होतं. पाड्यावर फोन लागत नाही. मला कोणाला विचारता येत नव्हतं.

रविवारी बारा जणांच्या पुढे मी एकटी जोरात धावले. तिसऱ्या फाट्यावर उभं राहाल का, असा नानांसाठीचा निरोप मी आदल्या रविवारीच नाक्यावरच्या वनखात्याच्या माणसाकडे ठेवला होता, ते येतील का याची खात्री नव्हती. तिसऱ्या फाट्यावर ते उभे होते, डाव्या वाटेकडे हात करून. मला दम लागला होता, नीट विचारताही आलं नाही. नुसतं "बाळ?" एवढंच.

"बठ्ठा बरा शेतस," नाना म्हणाले. "पोऱ्या दूध पेस." म्हणजे सगळे बरे होते, बाळ दूध पीत होतं.

मी वाटेतच खाली बसले आणि रडले. मागून ग्रुप आला तर नानांनी मला वळसा घालून, पुढे होऊन त्यांना वाट दाखवली. कोणी चुकलं नाही, सगळे साडेतीन तासांच्या आत परत आले, आणि अडावदला जेवताना रूटचं फार कौतुक झालं.

पिंप्राळ्याला घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, बारा जण सुखरूप आले, मग इतकं हायसं कोणासाठी वाटतंय? मी म्हटलं, एका मुलासाठी, ज्याला मी पाहिलेलं नाही आणि ज्याच्या आजोबांना मी दोन रात्री घराबाहेर ठेवलं.