कडीला बांधलेली निळी रिबीन

वहिनी आत मरत होती आणि मी दाराबाहेर बसून चहा पीत होते.

आज वर्ष झालं. सकाळी विहारात पुण्यानुमोदन झालं, सगळे चांगलंच बोलले. हे कोणी बोललं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमची काळाचौकीची चाळ. इथे दिवसा दार लावायची पद्धतच नाही. बंद दिसलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, भांडण नाहीतर आजारपण. मग सगळे ठोकायला मोकळे.

माझी आई सहा वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं वहिनीने केलं. मी ऑफिसला, दादा शिफ्टला.

आई गेली आणि महिन्याभरात वहिनी एक दिवस पॅसेजमध्ये मटकन खाली बसली. हातात पाण्याची बादली होती. हाक मारली तरी बघेना.

विहारातल्या बायकांनी तिला दहा दिवसांच्या शिबिराला नेलं. परत आली ती एक सवय घेऊन.

रोज दुपारी चार वाजता तोंड धुवायचं, तळव्यांना खोबरेल चोळायचं, दार लावून चादरीवर अर्धा तास डोळे मिटून बसायचं.

"पोटाला दोनदा लागतं, याला एकदा," छातीवर हात ठेवून म्हणायची.

मी चिडवायचे. बुद्ध व्हायला निघालीस का, म्हणून विचारायचे. एकदा मात्र सरळ विचारलं, आत नक्की होतं काय?

"काय नाय गं. आधी सगळ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मग हळूहळू मी ऐकू येते."

तिच्या कपाळावरची आठी गेली होती. लग्न होऊन आली त्याला पंधरा वर्षं झाली, पण भाकऱ्या थापताना गुणगुणलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

पण चाळ बसू देईना. कोणाला कढीपत्ता हवा, कोणाचं कुरियर, कोणाला उगाच काळजी. ती उठायची, दार उघडायची, हसायची, परत बसायची.

शेवटी माझं डोकं फिरलं. माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या कडीला निळी रिबीन बांधली आणि अख्ख्या पॅसेजला ऐकवलं.

"ही रिबीन दिसली की कोणी मेलं तरी दार वाजवायचं नाही."

हो. हेच शब्द.

ज्या चाळीने जन्मात कोणाचं ऐकलं नाही, तिने माझं ऐकलं. वहिनी बसायच्या आधी रिबीन बांधायची, उठली की सोडायची. चार वाजले की टीव्हीचे आवाज खाली यायला लागले. समोरच्या सावंतकाकू तर स्टूल टाकून भाजी निवडत पहाऱ्यालाच बसायच्या.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर सुटले. पावणेपाचला घरी आले, तर रिबीन अजून कडीला. काकू म्हणाल्या, आज जरा जास्त बसली, बसू दे.

मला बरं वाटलं. खरं सांगते, अभिमान वाटला. काकूंनी चहा दिला, तो मी चवीने प्यायले.

साडेपाचला ठोकलं. मग जोरात ठोकलं. मग सावंतकाकांनी दार तोडलं.

ती चादरीवर नव्हती.

दारापासून दोन हातांवर होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. कदाचित पहिल्या काही मिनिटांतच गेल्या असतील.

कदाचित. वर्षभर मी या एका शब्दाला धरून आहे आणि आता धरवत नाही.

चार दिवसांनी सावंतकाकू माझ्याजवळ आल्या आणि रडायलाच लागल्या.

"माका भांडा पडल्याचो आवाज इललो गो. ठोकूक हात वर केलंय. मगे तुझी रिबीन दिसली."

हात त्यांचा होता, पण थांबवला मी.

म्हणून प्लीज, खाली कमेंटमध्ये 'शांतपणे गेली' असं लिहू नका. ती शांत बसली होती की कडीकडे सरकत होती, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

ती मला सारखी म्हणायची, तू पण बस रोज दहा मिनिटं, आतून वाळत चाललीस. मला मरायला फुरसत नव्हती.

आज चार वाजता बसले. तळव्यांना तेल चोळलं, तिचीच चादर घेतली. दार सताड उघडं. उंबऱ्यात सावंतकाकू.

"मीट डोळे. मी हयच आसंय."

कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग मी ऐकू येईन म्हणून थांबले. नाही आले. भांडं पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला, जो मी कधी ऐकलेलाच नाही.

उद्या परत बसणार आहे. त्या अर्ध्या तासात तू तुला सापडली होतीस, वहिनी. मी तुला आणखी कुठे शोधू?

ठोकायला हवं होतं गं मी.

जय भीम, वहिनी.