मुशीचं तेल प्यालेली केबल

ओमानमधल्या सूरच्या खाडीवर हुवैशिलला ओळखत नाही असा माणूस नव्हता. लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी कापसाने बुजवण्यात त्याची हयात गेली. ती जहाजं संपली तसा तो मुलाच्या, घानिमच्या, फायबरच्या होडीवर जाऊ लागला. तिथे त्याला काम असं नव्हतंच. पुढे बसायचं, पाण्याचा रंग बघायचा आणि "डावीकडे घे, गाढवा" म्हणून ओरडायचं. जुमान हा खलाशी तोंड फिरवून हसायचा. घानिमच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे.

उन्हाळ्यात होडी वळवायचं चाक जड झालं. चाकापासून मागच्या इंजिनापर्यंत जाणारी केबल गंजली होती.

"नवी केबल तुम्हीच बसवा, बाबा," घानिम म्हणाला. "पण पुन्हा चाक अडकलं तर तुम्ही किनाऱ्यावरच बसायचं. कबूल?"

"बापाला अटी घालतोस?"

"कबूल का, तेवढं सांगा."

"कबूल. तू जन्मायच्या आधीपासून होड्या दुरुस्त करतोय मी."

काम त्याने नेटकं केलं, यात वाद नाही. जुन्या केबलच्या टोकाला दोरी बांधून ती ओढून काढली, म्हणजे दोरी आतच राहिली आणि नव्या केबलला वाट मिळाली. पण नवी केबल आत घालण्याआधी त्याने ती शेजारच्या आमच्या घराच्या भिंतीवरच्या खिळ्याला उभी टांगली आणि वरच्या टोकातून मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल थेंबथेंब आत सोडलं. समुद्राला लागणारी कुठलीही वस्तू आधी तेल पिते, मगच पाण्यात उतरते, ही सूरची जुनी रीत. वास असा, की मी खिडक्या लावून घेतल्या. लाकूड ते तेल पितं आणि टिकतं. केबल आतून बंद असते, तिला काही पाजायचं नसतं. तेल आत उन्हाने आटून डिंकासारखं धरतं, हे खाडीवरच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. घानिमला तर होतंच.

तो समोर ओट्यावर बसून कॉफी पीत होता. सगळं बघत होता. मधेच त्याने बापापुढे खजुराची वाटी सरकवली. "थकलात का?"

"अजून नाही," म्हातारा खुशीत म्हणाला.

पुढचे काही आठवडे चाक लोण्यासारखं फिरलं आणि हुवैशिलची जीभ त्याहून. मग ते हळूहळू जड होत गेलं. ते फक्त चाक धरणाऱ्याला कळतं. घानिम तसंच फिरवत राहिला.

सुरमईच्या दिवसांत, सकाळी सगळ्या होड्या परत येत असताना, वळणावर चाक थांबलं. होडी सरळ जाऊन वाळूत वाळत घातलेल्या जाळ्यांवर चढली. माणसं धावली. कुणाला लागलं नव्हतं. घानिमने तिथेच केबल ओढून काढली, चाकूने चिरली आणि आतला काळा चिकटा बोटावर घेऊन जुमानच्या नाकाशी धरला.

"कसला वास येतोय?"

"आजोबांच्या झग्याचा," जुमान म्हणाला. सगळा किनारा हसला.

हुवैशिलने विचारलं, "तू बघत होतास ना, मी ओतताना?"

"बघत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही पुसून काढलं असतं. मग रोज होडीत आला असतात."

म्हाताऱ्याने मान हलवली, जणू कुणी भाव सांगितला आणि तो वाजवी निघाला.

दुसऱ्या दिवशी घानिमने स्वतः नवी केबल बसवली. होडी वाळूवरच होती. इंजिनाकडची दांडी पुरती आत-बाहेर होते का, हे बघायला चाकावर कुणीतरी हवं होतं. जुमान जाळी शिवत होता. घानिमने बापाला हाक मारली.

हुवैशिल लगबगीने चढला. चाकामागे ताठ बसला, झगा नीट केला, समोर पाण्याकडे नजर लावली.

"डावीकडे," घानिम मागून म्हणाला. "पूर्ण. आता उजवीकडे."

चाक अलगद फिरत होतं. म्हाताऱ्याने न सांगता पुन्हा एकदा डावीकडे फिरवलं.

"पुरे," घानिम म्हणाला. "उतरा आता. होडी पाण्यात ढकलायचीय."