बांधावरचा निंबाचा डहाळा

महायुद्धाच्या सालांत कोरेगावच्या बाजूला फिरणाऱ्या धनगरांत दगडाबाईचा शब्द चालायचा. नवरा गेला तेव्हा तिनं त्याची काठी उचलली, ती पुन्हा खाली ठेवली नाही. जनावरांचा सरकारी डॉक्टर होता म्हणे. पण तो साहेबांच्या घोड्यांसाठी. धनगराच्या मेंढराला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून धनगरांनी आपला बंदोबस्त आपणच केला होता. मेंढरांना देवी आल्या की ज्या रानात कळप बसला, त्याच्या बांधावर काठी रोवायची आणि तिला निंबाचा डहाळा उलटा बांधायचा. तो पाहिला की मागून येणारा कळप वाट सोडून जायचा. यात लबाडी करायची कुणाची छाती नव्हती.

त्या उन्हाळ्यात नानासो या शेतकऱ्याच्या रानात लेंडीखतासाठी तिनं कळप बसवला. आधी तिथं तिचा सख्खा भाऊ अर्जुना बसून गेला होता. बांध मोकळा होता. भावाच्या मागून यायचं, मग बघायचं काय? तिनं बिनघोर मेंढरं आत घातली.

आठवडाभरानं मेंढ्यांच्या तोंडावर, शेपटीखाली फोड उठले. मग कोकरं पडायला लागली.

तिनं नानासोला गाठलं.

"माज्यावर का डाफरतीस? तुज्या भावानं डहाळा लावलावता की! जाताना त्यानंच उपटला. म्हणला, बोभाटा झाला तर फुडं रान कोण देतंय?"

"आवं, आन् तुमी बगत बसला?"

"मला खत पायजे हुतं."

या माणसावर ती थुंकलीसुद्धा नाही. परका तो परकाच.

बातमी लागताच अर्जुना धावत आला. "आक्का, चुकलं. पर आता तू डहाळा लावू नगंस. दोघांचंबी नाव जाईल. आपल्याला कुणी रानात घ्यायचं न्हाई."

"तुज्या मागनं ह्या रानात कोण येणार, ठावं हुतं तुला?"

अर्जुना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"तोंड हाय का न्हाई?"

"व्हय. ठावं हुतं."

दगडाबाईनं निंबाचा डहाळा मोडला, काठीला उलटा बांधला आणि काठी बांधावर रोवली. वर्षभर कुणी रान देणार नव्हतं, हे तिला कळत होतं. मग ती आत जाऊन मेलेली कोकरं पुरायला खड्डा खणू लागली.

"आक्का, दे हिकडं कुदळ," म्हणत अर्जुना बांध ओलांडायला निघाला.

तिनं मान वर केली नाही. "डहाळा दिसत न्हाई व्हय रं तुला?"